या बाईजवळ जाऊ नका

मी मुळातच संशयी माणूस. हॉटेलात चहा आला की आधी कपाची कड बघतो, मग वेटरची नखं, मग चहा. आई म्हणायची, "तुला देवानं डोळे बघायला दिलेच नाहीत, चौकशी करायला दिलेत." त्यात पुढे पुण्याच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवायला लागलो आणि मनोविश्लेषणाची पुस्तकं वाचायची खोड लागली. मग काय, माकडाच्या हाती कोलीत! कुणी छत्री विसरला तरी तो ती का विसरला असेल, यावर माझं अर्धा तास चालायचं. बायकोने मला घरात हा विषय काढायला बंदी केली होती.

म्हणूनच माझा मित्र वासू याचं पत्र आलं तेव्हा मला गुदगुल्या झाल्या. वासू खेड्यापाड्यात दाखवायच्या छोट्या माहितीच्या फिल्मा काढायचा. देवीच्या साथीवर त्याने एक फिल्म काढली होती. रोग कसा पसरतो, रोग्याला वेगळं का ठेवायचं, देवी काढून घेणं कसं गरजेचं, असा सगळा मजकूर. त्याच्या निवेदनाची चार पानं मीच खोलीत बसून खरडून दिली होती, आणि आवाज देणारा नट ऐन वेळी आला नाही म्हणून आवाजही माझाच. पण त्याला दोन वर्षं होऊन गेली होती. वासूने लिहिलं होतं, "डहाणू-तलासरीकडे लोक माझ्या फिल्मकडे पाठ करून बसतात. अक्षरशः पाठ. का, ते तूच जाऊन शोध. माझे मामा चिखल्याला आहेत, तिथे उतर."

पडद्याकडे पाठ करून बसणारा प्रेक्षक! मी नवी वही घेतली आणि निघालो.

चिखले

राज्य नवंनवं झालं होतं. डहाणूच्या स्टेशनाबाहेर दोन गृहस्थ हा तालुका गुजरातेत का गेला नाही यावर गुजरातीत भांडत होते, आणि भांडण संपवून भाड्याचं मात्र मराठीत ठरवत होते. तिथून चिखल्यापर्यंत डाव्या हाताला समुद्र, उजव्या हाताला चिकूच्या वाड्या.

वासूच्या मामांची वाडी समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. मामा उंच, स्वच्छ धोतर, वर्तमानपत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारे. मामींनी आल्याआल्या गवती चहा आणि पुदिना घातलेला चहा दिला. आमच्या पुण्यात पाहुण्याला 'चहा घेणार का?' असं विचारतात, त्यात 'नाही म्हणा' असं दडलेलं असतं. इथे विचारतच नाहीत, समोर ठेवतात. जेवायला ओल्या बोंबलांचं कालवण आणि तांदळाची भाकरी. मी बोंबील आधी काट्यासाठी तपासला. मामी पदराआड हसल्या.

"त्यात टोचणारा काटा नसतो हो मास्तर," मामा म्हणाले. "तपासायचं असेल तर वरच्या अंगाचं, डोंगराकडच्या पाड्यांवरचं पाणी तपासा. तालुक्यात देवीचे रोगी आहेत म्हणतात. आमचं उकळलेलं पाणी थर्मासातून घेऊन जा, तिकडे कुणाच्या घरचं पिऊ नका. चांगले लोक आहेत, पण अक्कल कमी आणि भीती फार."

मला ते पटलं. मी थर्मास घेतला.

सायवन

फिल्मची जीप चालवणारे आणि मशीनही चालवणारे एकच गृहस्थ होते, पंड्याभाई. घरी गुजराती, बाजारात मराठी आणि मशीनशी बोलताना फक्त शिव्या. सायवनच्या वाटेवर त्यांनी मला सांगून ठेवलं, "साहेब, ए लोक भोळा नाय हां. आपल्याला भोळा वाटतो, एटलुं ज, तेवढंच."

उन्हाने डोंगर भाजून निघाले होते. झाडाखाली बायका मोहाची फुलं वेचत होत्या. जीप दिसली की वेचायच्या थांबायच्या, आणि मी हात केला की मान खाली घालायच्या. मी वहीत लिहिलं: 'अनोळखी माणसाची भीती.' पुढे एका वळणावर वाटेच्या कडेला एक टोपली दिसली. लाल चिंधी, नारळ, अंडं, फुटकी बांगडी. मी खाली उतरून बघायला निघालो तर पंड्याभाईंनी माझा सदराच धरला.

"हात नाय लावायचा! ए गावाचा पीडा हाय. साथ आली का टोपलीत घालून शिवेवर ठेवतात. मग पलीकडचा गाव उचलून पुढच्या शिवेवर ठेवतो. मग पुढचा."

"आणि शेवटी?"

"शेवट कुठे छे, साहेब?"

मी खूश! माझ्या पुस्तकांत हेच तर होतं. माणसाला आपली भीती आपल्या अंगावर सोसवत नाही, तो ती कुणावर तरी ढकलतो. इथे तर तिची चक्क टोपली केलेली. मी दोन पानं भरून टाकली.

गावाच्या अलीकडे, बाकी घरांपासून तुटून, एक झोपडी होती. एक बाई अंगण सारवत होती. चाळिशीची, काटक, हातभर बांगड्या. तिने जीप बघितली, हात धुतले आणि तांब्या भरून पुढे आली. "पाणी घ्या," म्हणाली.

"नको, तहान नाही," मी म्हणालो.

माझा आवाज ऐकला आणि ती तांब्या हातात धरून तशीच उभी राहिली. माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "तुमीच काय?"

मला तिचं बघणं आवडलं नाही. मी "चला" म्हणालो आणि पाच पावलं पुढे जाऊन थर्मासातलं पाणी प्यालो. तिने ते बघितलं. मला ते कळलं, आणि कळूनही मी दुसरा पेला ओतला.

दिवस मावळल्यावर दोन बांबूंना पडदा लागला. दीडएकशे माणसं जमली. पहिली दहा मिनिटं गंमत. पडद्यावर बैल आले, बाजार आला, लोक हसले. मग अंधाऱ्या झोपडीत गोधडीवर पडलेली एक बाई दिसली, तोंडभर फोड, आणि निवेदन सुरू झालं: 'या बाईजवळ जाऊ नका. हिची भांडी शिवू नका. हिच्या अंगणात पाऊल टाकू नका.' आणि कवायतीत हुकूम मिळावा तशी सगळी माणसं एकदम वळून पाठमोरी बसली. म्हातारी, पोरं, सगळी. बाई पडद्यावरून गेली तेव्हा परत वळली.

अंगावर काटा आला माझ्या. मी वहीत लिहिलं: 'मृत्यूचं दर्शन नाकारणे.' खाली दोन रेघा मारल्या.

फिल्म संपल्यावर मी कर्णा हातात घेऊन आभार मानायला लागलो. "मंडळी..." एवढंच म्हणालो असेन. पुढच्या ओळीतली माणसं खरोखर मागे सरकली. एक बाई पोराला उचलून घराकडे चालू लागली. मला वाटलं, काहीतरी कट आहे. हे लोक माझ्याबद्दल आधीच काहीतरी ठरवून बसलेत. पण कोणी सांगितलं यांना? पंड्याभाईंनी? मी त्यांच्याकडे बघितलं. ते मशीन पुसत होते, आणि फारच मन लावून पुसत होते.

परत चिखले

सकाळी जीपमधून सामान उतरवताना मामा ओट्यावर आले आणि ओरडलेच, "हे काय आणलंत?"

जीपच्या मागच्या फळीवर, फिल्मच्या डब्यांना सुतळीने बांधलेली एक टोपली होती. लाल चिंधी, नारळ, अंडं, फुटकी बांगडी. सायवनच्या लोकांनी आमच्या नकळत त्यांचा रोग आमच्या गाडीने रवाना केला होता! पंड्याभाई कपाळाला हात लावून बसले.

मला हसू येत होतं, पण मामांचा चेहरा बघून ते गिळलं. "अडाणी लेकाचे!" मामा म्हणाले. "विसाव्या शतकात असली थेरं! यावर लिहा मास्तर, चांगलं झोडपून काढा." मग गड्याला बाजूला घेऊन काहीतरी पुटपुटले. गडी टोपली काठीला अडकवून, अंगापासून लांब धरून घेऊन गेला.

संशयी माणसाला स्वस्थ बसवतं का? मी समुद्रावर फिरायला जातो म्हणून निघालो आणि त्याच्या मागे मागे गेलो. मला वाटलं होतं तो टोपली समुद्रात टाकेल. तो किनाऱ्याकडे वळलाच नाही. घोलवडच्या बाजूला, चिखल्याची शीव संपते तिथे, त्याने ती जपून खाली ठेवली, पलीकडे दोन बोटं सरकवली आणि मागे न बघता परत आला.

दुपारी मामा जेवताना म्हणाले, "दिली फेकून ती घाण." मी बरं म्हणालो. वहीत मात्र त्या दिवशी काही लिहिलं नाही.

लाडकी

मला आता पंड्याभाईंवर विश्वास नव्हता, सायवनच्या लोकांवर नव्हता आणि मामांवरही नव्हता. म्हणून दुसऱ्या दिवशी मी परत सायवनला जायचा हट्ट धरला. कैनाडपर्यंत पंड्याभाई एक शब्द बोलले नाहीत. तिथे ताडगोळे घ्यायला थांबलो. सोललेला थंडगार ताडगोळा तोंडात गेल्यावर त्यांना कंठ फुटला.

"साहेब, एक वात कहुं? पण वासूभाईला सांगायचा नाय. ती पडदावाळी बाई छे ने, ती तिथेच राहते. तुम्हाला पाणी देत होती, तीच."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. मी त्या बाईला पडद्यावर पाच वेळा तरी बघितलं होतं. पण फोडांशिवाय तिचा चेहरा मला माहीतच नव्हता.

ती अंगणातच होती. या खेपेला तिने पाणी विचारलं नाही. तिचा नवरा रूपजी दाराशी बसून दोरी वळत होता, तोही वर बघेना. मी अंगणाच्या बाहेरच उभा राहिलो. नाव विचारलं. "लाडकी," ती म्हणाली. मग उभ्या उभ्याच सांगायला लागली.

"मना काय झालंच नव्हतं. तुमचा वासूशेट आला, म्हणला, बाय, दोन दिस गोधडीवर पडून राय. मी रायली. तोंडाला खैराचा डिंक लावला न् वर तुरीची डाळ चिकटवली, एक एक दाणा. मना हसू ये, तर म्हणं, हसू नको, कण्ह. मी कण्हली. संध्याकाळी भिजवून भिजवून तोंड धुतलं न् घरी आली. सगळ्यांनी बघितलं, हसली सगळी."

"मग?"

"मंग पडदा आला. त्यात तुमचा आवाज. या बाईजवळ जाऊ नका. हिच्या अंगणात पाऊल टाकू नका." तिने माझ्याच सुरात म्हणून दाखवलं, जसंच्या तसं. "तव्हापासून कोण येत नाय. मी सांगतां, अरे डाळ होती ती. तर म्हणतात, तव्हा डाळ असंल. पण गाडी येते तव्हा तुना परत फोड येतात, ते आमी डोळ्यांनी बघतो."

मी म्हणालो, "अहो, पण ते एकट्या तुमच्याबद्दल नव्हतं. देवी झालेल्या कुठल्याही माणसाबद्दल..."

"पडद्यावर तर मीच होती," ती म्हणाली.

मृत्यूचं दर्शन नाकारणे म्हणे! या लोकांनी काही नाकारलं नव्हतं. मी सांगितलं ते मुकाट्याने ऐकलं होतं. आणि परवा त्यांना माझा आवाज ओळखू आला होता, म्हणून ती मागे सरकली होती. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं मी पुण्यात बसून बोलून गेलो, आणि तो बोल इथे एका बाईच्या दाराला कडी लावून बसला. परवा पडद्यासमोर बसून ऐकतानाही तो आवाज माझाच आहे हे मी विसरून गेलो होतो. माझं शास्त्र सांगतं की असलं विसरणं साधं नसतं. मी विद्यार्थ्यांना हे दर वर्षी शिकवतो.

खरा घाव पुढेच होता. लाडकी धवलेरी होती. या लोकांत लग्नाला भटजी नसतो, धवलेरी लागते. तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक भरायचा तिने, गाणी म्हणून लग्न लावायचं तिने. तलासरीच्या अलीकडच्या पाड्यावर तिचा भाऊ नवश्या राहायचा. त्याच्या मुलीचं लग्न रविवारी होतं. ती मुलगी, मंगली, लहानपणी तीन पावसाळे लाडकीकडेच वाढलेली. आणि लग्न लावायला नवश्याने दुसऱ्या गावची धवलेरी ठरवली होती.

"मना जेवायला पण नाय बोलावलं," लाडकी म्हणाली. "माझी पोर हाय ती. तिचं गाणं दुसरी म्हणंल?"

रूपजीने पहिल्यांदाच मान वर केली. "मास्तर, तुमच्या तोंडानं बोलले. आता तुमच्याच तोंडानं परत घ्या."

तलासरीकडचा पाडा

गुरुवारी आमची फिल्म नवश्याच्याच पाड्यावर लागायची होती. ठरलं असं: पंड्याभाईंनी आवाजाचं बटण बंद करायचं आणि मी पडद्याशेजारी उभं राहून तोंडाने निवेदन करायचं. लाडकी जीपमधून आमच्यासोबत आली. पाड्यावर उतरली तेव्हा तिच्या भावाने तिला बघितलं आणि तो गोठ्यात शिरला. त्याची बायको सोमी दारातच उभी राहिली, ना आत ना बाहेर.

अंधार पडला, मशीन सुरू झालं. बैल गेले, बाजार गेला. गोधडीवरची बाई आली. माणसं वळायला लागली तसा मी कर्णा घेऊन ओरडलो, "वळू नका! ही लाडकी आहे. हिला काहीही झालेलं नाही. ते फोड म्हणजे तुरीची डाळ आहे. मी मागे जे बोललो ते हिच्याबद्दल नव्हतं. माझी चूक झाली."

माणसं अर्धवट वळलेली तशीच थांबली. मला वाटलं, जिंकलं! मग पाड्याचा म्हातारा भगत, देवजी, काठीवर हनुवटी टेकून म्हणाला, "मास्तर, तू तव्हा खरं बोलत होता का आता खरं बोलतो?"

"आता."

"म्हंजी तव्हा खोटं बोलला. मंग आता खोटं नाय बोलत, कशावरनं?"

अहो, माझ्याइतका संशयी माणूस मला आयुष्यात पहिल्यांदा भेटला, आणि तोही नेमका अशा वेळी! मागून कुणीतरी म्हणालं, "वासूशेटनं पैकं दिलं असंल त्याला." दुसरं म्हणालं, "तिनंच काय चारलं असंल." घाम पुसत मी पंड्याभाईंकडे बघितलं तर ते वर चांदण्या मोजत होते.

रीळ संपलं. मशीनचा नुसता पांढरा झोत पडद्यावर राहिला. त्या झोतात लाडकी आली. तिच्या हातात पानाचा द्रोण होता आणि एका करवंटीत डिंक. "बस मास्तर," ती म्हणाली.

"काहाला?" मी तिच्याच बोलीत 'कशाला' म्हणून विचारलं.

"बस म्हणली ना."

मी मातीत मांडी घातली. चष्मा काढला. तिने बोटाने माझ्या कपाळाला, गालांना, नाकाला डिंक फासला आणि एक एक डाळ चिकटवायला सुरुवात केली. चौक भरणारा हात तो, बोट हललं नाही. मला तिच्या श्वासाला येणारा मोहाचा वास येत होता, आणि माझं मेलं मन म्हणत होतं, जरा तोंड बाजूला कर. एवढं सगळं कळूनही म्हणत होतं! मी दात आवळून बसलो.

तिने मला हनुवटीला धरून लोकांकडे वळवलं. झोत तोंडावर. बायका किंचाळल्या. पुढची पोरं पळाली. मघाशी पडद्यावर होता तोच चेहरा, आता मिशीसकट, माझ्या मानेवर होता.

मग लाडकीने माझ्या गालावरचा एक फोड नखाने उपटला, सगळ्यांना दाखवला आणि तोंडात टाकला. शांततेत तो कडकन वाजला. तिने नीट चावला, गिळला.

"कच्ची हाय," ती म्हणाली.

आधी पंड्याभाई हसले. मग म्हातारा देवजी खोकत खोकत हसायला लागला, आणि मग सगळा पाडा. पळालेली पोरं परत आली. मी मात्र हसलो नाही, कारण मी सोमीकडे बघत होतो. ती दारातून निघाली, गर्दीतून वाट काढत माझ्यासमोर आली आणि वाकली. बराच वेळ बघत राहिली. मग तिने माझ्या कपाळावरचा एक दाणा काढला, हुंगला आणि खाल्ला.

सोमी चावत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. नणंदेकडे न बघताच ती म्हणाली, "रविवारी लवकर ये. चौक भरायचा हाय." लाडकीने पदर तोंडात कोंबला आणि ती मटकन खाली बसली.

शेवटचं चिखले

खैराचा डिंक सुटता सुटत नाही. मी खोबरेल लावलं, राख लावली, शेवटी नखांनी खरवडलं. सकाळी आरशात बघितलं तर तोंडभर लाल लाल गोल डाग, दोन-तीन तर पाणी धरलेले.

मामींनी चहा आणला आणि उंबऱ्यावरच थांबल्या.

"मामी, घाबरू नका, तुरीची डाळ आहे ती," मी म्हणालो आणि सगळी हकीकत सांगितली. माझ्या मते छान रंगवून सांगितली.

"हो हो, असेल," मामी म्हणाल्या. चहा ओट्याच्या कडेला ठेवून आत गेल्या. कप कान तुटलेला होता. पहिल्या दिवशी निळ्या फुलांचा होता.

दुपारी माझं अंथरूण चिकू ठेवायच्या खोपटात गेलं. "तिथे वारा छान येतो," मामा म्हणाले, ओट्यावरून, चांगले दहा हात लांबून. मी बाही वर करून दंडावरचे देवी काढल्याचे वण दाखवले. सायवन-तलासरीची गोष्ट परत सांगितली. मी खरं बोलत होतो आणि जितकं खरं बोलावं तितकं ते खोटं वाटत होतं. माझं मलासुद्धा!

"तुमच्यावर अविश्वास नाही हो मास्तर," मामा म्हणाले. "पण घरात लेकरं आहेत. आणि तुमच्याच फिल्ममध्ये सांगितलंय ना, भांडी वेगळी ठेवा म्हणून? उत्तम समजावलंय तुम्ही."

दोन दिवस मी पिकत घातलेल्या चिकूंच्या वासात काढले. जेवण केळीच्या पानावर यायचं, आणि पान मलाच पुरावं लागायचं. रागावलो, मग रडकुंडीला आलो. मामा दुष्ट नव्हते. त्यांच्या जागी मी असतो तर पाहुण्याला खोपटातही ठेवला नसता, सरळ गाडीत बसवला असता. हे कळलं तेव्हा जास्तच एकटं वाटलं.

रविवारी सकाळी निघताना मामींनी जीपमध्ये एक झाकलेली टोपली ठेवली. "प्रवासाला असू दे," म्हणाल्या, माझ्याकडे न बघता. शीव ओलांडल्यावर मी फडकं उचललं. नारळ, अंडं, लाल चिंधी आणि काळी बांगडी, फुटकी. पंड्याभाईंनी एकवार बघितलं आणि गाडी जोरात हाणली.

लग्न

वाटभर आमचा वाद. पंड्याभाई म्हणत, टोपली कुठल्याही शिवेवर टाका. पण प्रत्येक शिवेपलीकडे कुणाचं तरी घर दिसत होतं. सायवनच्या लोकांची टोपली आता कुठल्या गावी पोचली असेल, हेही मनात यायला लागलं. असं करता करता टोपलीसकट आम्ही लग्नाच्या मांडवात पोचलो.

लाडकी पुढे आली. हात कोपरापर्यंत तांदळाच्या पिठाने पांढरे. चौक अर्धा भरून झाला होता. तिने माझं तोंड बघितलं, खुदकन हसली, आणि मग तिची नजर टोपलीवर गेली. भोवतालची माणसं बाजूला झाली. भगत देवजी काठी आपटत म्हणाला, "शिवेवरचं मांडवात नाय आणायचं!"

"कोणाकडची?" लाडकीने मला विचारलं.

"जिथे मी उतरलो होतो, तिथली."

तिने माझ्या तोंडावरच्या डागांकडे परत बघितलं, आणि तिला सगळं समजलं. मला एक शब्द सांगावा लागला नाही. "म्हंजी तुझ्या अंगणात पण कोण येत नाय," ती म्हणाली. तिने टोपलीतला नारळ उचलला, हलवून कानाशी धरला. "पाणी हाय. चांगला हाय." आणि देवजी ओरडत असतानाच तो उखळाच्या कडेवर फोडला.

पहिला तुकडा तिने माझ्यापुढे धरला. सगळा मांडव बघत होता. खरं सांगतो, माझा हात क्षणभर थांबला. इतकं सगळं होऊन थांबला. तिने ते बघितलं, पहिल्या दिवशी थर्मास बघितला होता तसंच.

"काय मास्तर, डाळ लावू का परत?"

मी तुकडा घेतला आणि खाल्ला. मग तिच्याच तांब्यातलं पाणी मागून घेतलं आणि सगळ्यांसमोर वरून न ओतता, तांब्याला तोंड लावून प्यालो. मंगली मांडवातून हाका मारत होती. लाडकीने हात पुसले, उरलेलं खोबरं सोमीच्या हातात दिलं आणि गाणं म्हणायला आत गेली.